एका काडीत पेटणारा कंदील : आराखडा आणि बांधणी

पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावी जुलै-ऑगस्टमध्ये वीज गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो, आणि गोठ्यात रात्री एकदा तरी फेरी मारावीच लागते. बॅटरी घरात असते, पण वीज दोन दिवस आली नाही की तिचे चार्जिंग संपते आणि खुंटीवरचा कंदील खाली उतरतो. माझी आजी तो पेटवत असे तेव्हाची तिची हालचाल मला अजून जशीच्या तशी आठवते. डाव्या अंगठ्याने खटका दाबून ती काच वर धरायची, उजव्या हातातली काडी तिरपी करून आत घालायची, काडीची ज्योत काचेच्या काठाला लागून विझायची, आणि बोटे भाजायच्या आत खटका सोडून ती दुसरी काडी ओढायची. वात नीट कापलेली, रॉकेल स्वच्छ, काच राखेने घासलेली, आणि तरीही तीन-तीन काड्या जायच्या. कंदील करणाऱ्याने जळत्या ज्योतीचा विचार बारकाईने केला होता, काडी धरणाऱ्या हाताचा मात्र केला नव्हता, असे मला त्यावरून वाटू लागले. पुढे कराडच्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिरांच्या मदतीने मी काही कंदील करून पाहिले आणि त्यांतून जो आराखडा टिकला तो येथे मापांसह देत आहे.

आरंभीच एक सूचना करतो. काच आणि बर्नर घरी करण्याच्या भरीस पडू नये. दोन्ही बाजारातून आणावेत आणि बाकीचा कंदील त्यांच्याभोवती बांधावा. एकाच मापाच्या म्हणून घेतलेल्या दोन काचांतही एक-दोन मिलिमीटरचा फरक निघतो, म्हणून काच हातात आल्यावरच सांगाड्याची मापे पक्की करावीत. कंदिलाचे आमच्या भागाशी जुने नाते आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंच्या काच कारखान्यात ‘प्रभाकर’ कंदील तयार होत, आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यावर ते आजही सापडतात. असा एखादा घरात असेल तर तो मोडू नये किंवा भंगारात देऊ नये. त्याची मापे कागदावर उतरवून घ्यावीत, कारण काच, धुराडे आणि बाजूच्या नळ्या यांचे परस्परांशी प्रमाण कसे असावे हे त्यावरून जितके कळते तितके कोणत्याही वर्णनावरून कळत नाही.

प्रकाराची निवड लवकर उरकता येते. साध्या चिमणीत हवा खालच्या भोकांतून आत येते, त्यामुळे वारा सरळ ज्योतीला लागतो. वादळी कंदिलात दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्या वरची हवा बर्नरपर्यंत खाली आणतात, आणि वाऱ्याचा झोत आला तरी तो नळीतून वळसा घेऊन येईपर्यंत मंदावलेला असतो. या नळ्यांची तोंडे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या वाटेत असली तर जळून गेलेलीच हवा पुन्हा ज्योतीकडे जाते आणि उजेड मंद पडतो. ती बाजूला, ताज्या हवेत असली तर ज्योत पांढरी आणि स्थिर राहते. आपण हा दुसरा प्रकार घ्यावा. मँटलचा दिवा पुष्कळ जास्त उजेड देतो, आणि आपल्याच जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नूरी’ नावाचा तसा कंदील विकसित केला आहे. परंतु पेट्रोमॅक्ससारख्या दिव्यात रॉकेलची आधी वाफ व्हावी लागते, त्यासाठी स्पिरिट जाळून नळी तापवावी लागते, हवा भरावी लागते. चटकन पेटणे हीच ज्याची पहिली अट आहे, त्याने वातीचाच कंदील करावा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे काडी. या कंदिलाचे सर्वांत महत्त्वाचे माप काडेपेटीतल्या काडीवरून घ्यायचे आहे. आपल्याकडची साधी काडी सुमारे ४ सेंटिमीटर लांब असते. तिचा शेवटचा सेंटिमीटर बोटांत जातो, आणि ती पेटवून कंदिलापर्यंत आणेपर्यंत टोकाचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर जळून गेलेला असतो. म्हणजे वातीपर्यंत पोहोचण्यासाठी हाताशी उरतात ते जेमतेम २ ते २.५ सेंटिमीटर. काचेचा खालचा काठ मात्र वातीपासून चहूबाजूंनी साधारण साडेतीन सेंटिमीटर दूर असतो. याचा सरळ अर्थ असा की नुसती काडी आत जाऊन भागत नाही, ती धरणारी दोन बोटेही काचेच्या काठाखाली शिरली पाहिजेत. अंगठा आणि तर्जनी काडी धरून आडवी केली की त्यांची जाडी तीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. शेतात काम करणाऱ्या हाताची थोडी अधिकच. म्हणून काच किमान ४० मिलिमीटर उचलली गेली पाहिजे. मी तपासलेले बरेच कंदील यापेक्षा पुष्कळ कमी उघडत होते, आणि काडी खालून वर अशी तिरपी घालावी लागण्याचे, ती काठाला लागून विझण्याचे कारण तेच होते.

काच ४० मिलिमीटर उचलायची तर तिच्यावर बसलेले धुराडेही तेवढेच वर सरकले पाहिजे, आणि त्याला दाबून धरणारी स्प्रिंग तेवढी दबली पाहिजे. आखूड, ताठ स्प्रिंग येथे चालत नाही. लांब आणि मऊ स्प्रिंग घ्यावी, आणि वरच्या घुमटाची आतली उंची काच पूर्ण उचलल्यावरही ५ मिलिमीटर मोकळी राहील इतकी ठेवावी. खटक्याची टेकण अशा जागी ठेवावी की दोन्ही बाजूंच्या भुजा जवळपास सारख्या लांबीच्या होतील. बोटाकडची भुजा दुप्पट केली तर जोर निम्मा लागतो हे खरे, पण मग अंगठ्याला ८० मिलिमीटर प्रवास करावा लागतो आणि अंगठा तेवढा पोहोचत नाही. काच आणि धुराडे मिळून वजन असे किती असते, सारख्या भुजांनीही ते सहज उचलते.

खटक्याला खाच हवीच. या एका सुधारणेने जितका फरक पडला तितका दुसऱ्या कशानेही पडला नाही. खटका खाली दाबून किंचित बाजूला सरकवला की तो सांगाड्यावरच्या खाचेत अडकतो आणि काच वरच थांबते. दोन्ही हात मोकळे होतात, एकाने काडी धरता येते आणि दुसऱ्याचा तळवा वाऱ्याच्या बाजूने आडवा लावता येतो. खाच ३ मिलिमीटरपेक्षा खोल नसावी, नाहीतर तो सोडवताना हिसका बसतो, काच वरून आपटते आणि तडकते. काच जेथे टेकते त्या कड्यावर दोन-तीन ठिकाणी पत्र्याच्या पातळ, वाकवलेल्या पट्ट्या दिल्या तर तो आघातही सौम्य होतो. काडी घालण्याची जागा खटक्याच्या समोरच्या बाजूला असावी, आणि डावखुऱ्या माणसाचा विचार करून सांगाड्याची आडवी पट्टी दोन्ही बाजूंना सारखीच खाली घ्यावी.

यानंतर वात. रॉकेल द्रव असताना पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि रेशनच्या रॉकेलसाठी भारतीय मानकात पेट घेण्याचे किमान तापमान ३५ अंश सेल्सिअस ठरवलेले आहे. डिसेंबरच्या पहाटे आमच्याकडे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा काडीने वातीचे टोक आधी तेवढे तापवावे लागते आणि मगच ज्योत धरते. भिजलेल्या वातीचा जाड, दाबलेला, काजळी धरलेला गठ्ठा तापायला वेळ घेतो. बारीक कडा लगेच तापते. म्हणून वात सपाट, सैल विणीची आणि १६ मिलिमीटर रुंदीची घ्यावी, धारदार कात्रीने आडवी सरळ कापावी आणि दोन्ही कोपरे अगदी निसटते, एखाद्या मिलिमीटरने छाटावेत. कोपरे तसेच ठेवले तर ज्योतीला शिंगे फुटतात आणि काच काळी होते. पेटवताना काडी वातीच्या मधोमध न लावता एका टोकाला लावावी. एक कोपरा पेटला की त्याचीच आच शेजारच्या धाग्याला तापवते आणि ज्योत आपोआप पलीकडच्या टोकापर्यंत धावते. हे एकदा अंधारात निरखून पाहावे. काडी लावल्यावर आधी एक निळसर ठिपका दिसतो, क्षणभर तो तेथेच थरथरतो, आणि मग एकदम पिवळी रेघ होऊन आडवा पसरतो. तो ठिपका दिसताच काडी काढून घेतली तरी चालते.

बर्नरवरच्या छोट्या घुमटीला जी फट असते, तिच्याशी वातीची उंची जुळणे हा दुसरा अडथळा असतो. जळताना वात त्या फटीच्या किंचित खाली असावी लागते, पेटवताना मात्र ती फटीच्या २-३ मिलिमीटर वर आलेली हवी. पेटवून झाल्यावर तशीच वर राहिली तर धूर होतो. ही जेमतेम ५ मिलिमीटरची वर-खाली अंधारात, ओल्या हाताने करायची असते. वात सरकवणाऱ्या दातेरी चाकाचा व्यास ८ मिलिमीटर धरला तर त्याच्या एका पूर्ण फेऱ्यात वात सुमारे २५ मिलिमीटर सरकते, म्हणजे ५ मिलिमीटरसाठी एक पंचमांश फेरा पुरतो. बाजारातल्या बर्नरची चावी बहुधा नखाएवढी असते. ओल्या बोटांतून ती निसटते किंवा एकदम अर्धा फेरा फिरते. तिच्यावर २५ मिलिमीटर व्यासाची पितळी चकती बसवावी आणि चकतीच्या कडेला कानशीने खाचा पाडाव्यात. चकतीवर एका जागी डाखेचा (सोल्डरचा) थेंब ठेवून बोटाला लागेल असा उंचवटा करावा. उंचवटा वर आला की वात पेटवण्याच्या उंचीवर आहे असे समजावे. वात कापली की हे गणित बदलते, म्हणून चकती दांड्यावर कायमची डाखून न टाकता लहान स्क्रूने आवळावी. वात कापल्यानंतर स्क्रू सैल करून उंचवटा पुन्हा वर आणायला अर्धे मिनिटही लागत नाही. चावीचा दांडा काचेपासून ३० मिलिमीटर तरी बाहेर निघाला पाहिजे, नाहीतर रात्री उशिरा वात कमी करताना बोटांना चटका बसतो.

टाकीबद्दल माझे मत ठाम आहे: ती उथळ आणि पसरट असावी. वात रॉकेल ओढते ते धाग्यांमधल्या बारीक फटींतून, आणि रॉकेलची पातळी जितकी खाली जाते तितका तो प्रवाह मंदावतो. उंच, अरुंद टाकीचा कंदील भरलेला असताना झटकन पेटतो आणि तळाशी आल्यावर रुसतो. १५० मिलिमीटर व्यास आणि ४० मिलिमीटर उंची घेतली तर टाकीत सुमारे ७०० मिलिलिटर मावते. तिच्यात चार पंचमांशच, म्हणजे साधारण ५६० मिलिलिटर भरावे. टाकी काठोकाठ भरली तर कंदील तापल्यावर प्रसरण पावणाऱ्या रॉकेलला जागा उरत नाही आणि ते वातीवाटे वर ढकलले जाऊन ओघळते. १६ मिलिमीटरची वात तासाला अंदाजे २० मिलिलिटर रॉकेल जाळते, म्हणजे एका भरणीत दोन-तीन रात्री निघतात. पसरट टाकीचा कंदील धक्का लागून सहसा कलंडत नाही, हा तिचा दुसरा मोठा गुण. गोठ्यात, वाळल्या कडब्याजवळ वावरणाऱ्या माणसाला त्याचे महत्त्व निराळे सांगायला नको.

पावसाळ्यात टाकीत पाणी साठते. दमट हवेतली वाफ आत निवते, भरताना एखादा थेंब पडतो, आणि पाणी जड असल्याने तळाशी बसते. वातीचे शेपूट त्या पाण्यात बुडले की वात पाणी ओढते, ज्योत तडतडते आणि एके दिवशी कितीही काड्या ओढल्या तरी पेटत नाही. त्यावर उपाय असा की टाकीचा तळ एका बाजूला ४-५ मिलिमीटर उतरता ठेवावा, भरण्याचे बूच नेमके त्या उताराच्या कोपऱ्यावर बसवावे आणि वात उंच बाजूला टेकू द्यावी. पाणी बुचाखाली जमते आणि महिन्यातून एकदा कंदील तिरपा करून तेथूनच ओतून टाकता येते. बर्नरच्या बाजूला हवेसाठी जे सुईएवढे भोक असते ते डाखेने किंवा मळाने बुजू देऊ नये; ते बुजले तर रॉकेल वर जाते पण त्याच्या जागी हवा येत नाही, आणि तासाभराने ज्योत आपोआप बारीक होते.

बांधणीसाठी कथिलाचा मुलामा असलेला पत्रा उत्तम, तो न मिळाल्यास पातळ जस्ती पत्रा वापरावा. टाकीचे सांधे आधी दुमडून ठोकावेत आणि मगच त्यांवर डाख द्यावी, म्हणजे सांधा डाखेच्या भरवशावर राहत नाही. धुराडे, घुमट आणि नळ्यांची वरची टोके येथे डाख अजिबात वापरू नये. ती तेथल्या उष्णतेने वितळते, म्हणून त्या भागात केवळ दुमड आणि रिव्हेट. टाकी तयार झाल्यावर बर्नरचे तोंड बंद करून ती बादलीतल्या पाण्यात बुडवावी आणि बुचाच्या तोंडाला नळी लावून हलकेच फुंकावे. एकही बुडबुडा आला तरी ती टाकी पुन्हा डाखायची. पहिल्या कंदिलाच्या वेळी मी ही तपासणी घाईत केली, आणि रात्रभर माळ्यावर ठेवलेल्या कंदिलाने सकाळपर्यंत खालच्या ज्वारीच्या पोत्याला रॉकेलचा वास लावला. ते सगळे पोते टाकून द्यावे लागले.

काचेची निवड परवडेल तशी करावी, पण बोरोसिलिकेट काच मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन घ्यावी. उष्णतेने ती साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे तापलेल्या काचेवर पागोळीचा थेंब पडला तरी ती तडकण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

इंधनाविषयी लोक बरेच विचारतात, कारण रेशनचे रॉकेल आता सहजी मिळत नाही. डिझेलने ज्योत पेटते पण धुरकट जळते आणि वात लवकर काजळते. शेंगदाण्याचे किंवा करंजाचे तेल या बर्नरमध्ये चालत नाही. ही तेले रॉकेलपेक्षा कितीतरी पट दाट असल्याने पाच-सहा सेंटिमीटरची उंची चढताना वात कोरडी पडते. त्यांच्यासाठी वात तेलाच्या पृष्ठभागालगतच ठेवणारा, समईच्या रीतीचा वेगळा दिवा करावा लागतो. पेट्रोल मात्र थेंबभरही मिसळू नये. त्याची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते, टाकीतल्या हवेशी मिसळून स्फोट होतो आणि माणसे भाजतात. गॅसच्या लायटरने कंदील का पेटत नाही, असेही कोणी विचारतात. ती ठिणगी क्षणभराची असते आणि थंड रॉकेलाची वाफ तयार होण्याइतकी उष्णता तिच्यात नसते, म्हणून येथे काडीची जिवंत ज्योतच लागते. काडेपेटीसाठी टाकीच्या वर, काचेपासून दूर, झाकणाची छोटी पत्र्याची खोबण करावी असे पुष्कळांना सुचते. मी ते टाळतो, कारण तापणाऱ्या आणि रॉकेलचा वास असलेल्या वस्तूवर काड्या ठेवणे मला पटत नाही. खुंटीशेजारी भिंतीवर घट्ट झाकणाचा डबा अडकवावा.

नवी वात घालण्यापूर्वी ती उन्हात किंवा चुलीजवळ सुकवून घ्यावी, आणि रॉकेल भरल्यानंतर पंधरा मिनिटे थांबावे. कोरड्या टोकाला काडी लावली तर रॉकेलऐवजी कापूस जळतो आणि वात पहिल्याच दिवशी खराब होते. पेटवताना वाऱ्याकडे पाठ करून बसावे, म्हणजे अंगाचा आडोसा मिळतो. खटका खाचेत अडकवावा, चकतीचा उंचवटा वर आणावा, काडी ओढून तिची ज्योत स्थिर होईपर्यंत एक श्वासभर थांबावे, आणि मग ती आडवी आत नेऊन वातीच्या जवळच्या कोपऱ्याला लावावी. ज्योत पसरली की वात लगेच एक पंचमांश फेरा खाली घ्यावी, खटका सोडवून काच हलकेच बसवावी आणि पहिली चार-पाच मिनिटे ज्योत बारीकच ठेवावी, म्हणजे काच हळूहळू तापते. भरणे नेहमी विझलेल्या, गार झालेल्या कंदिलातच करावे, आणि दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या खोलीत तो रात्रभर जळत ठेवू नये, कारण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

कंदील तयार झाला की तो कोणाला देण्यापूर्वी मी त्याची चाचणी घेतो. पाच वेळा कोरड्या, शांत खोलीत; पाच वेळा चार-पाच फुटांवर टेबलफॅन लावून; पाच वेळा हात पाण्यात बुडवून, फक्त काडी ओढणारी बोटे पुसून; आणि पाच वेळा संपूर्ण अंधारात, चावी व खटका केवळ स्पर्शाने शोधून. प्रत्येक वेळी कंदील पूर्ण गार होऊ द्यायचा आणि किती काड्या लागल्या ते वहीत लिहायचे. विसांपैकी अठरा वेळा तो पहिल्या काडीत पेटला पाहिजे. तसे झाले नाही तर कोणत्या पाचांत काड्या वाया गेल्या ते पाहावे: वाऱ्यात गेल्या असतील तर काच पुरेशी उघडत असूनही तळवा आडवा लावायला जागा कमी पडते, ओल्या हातांनी गेल्या असतील तर चकतीच्या खाचा उथळ आहेत, अंधारात गेल्या असतील तर उंचवटा बोटाला नीट लागत नाही. शांत खोलीतच काड्या वाया गेल्या तर सांगाड्याला हात लावू नये. वात काढून पुन्हा सरळ कापावी, सुकवावी आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करावी.